नाव आपलं, माल दुसऱ्याचा : ट्रेडमार्कचं उल्लंघन आणि कायद्याचं संरक्षण

आजचा विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात शेंगाचटणीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एक ताई माझ्याकडे आल्या. घरी चटणी करायच्या. आधी ओळखीच्यांना, मग दुकानांतून, मग आठवडी बाजारात असं करत व्यवसाय वाढला. दहा-बारा बायका कामाला होत्या. पाकिटावर एक नाव होतं, पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, आणि कोपऱ्यात खलबत्त्याचं चित्र. नाव मी सांगत नाही. त्यांचा माल विकणारा जो वितरक होता, त्याने तीन वर्षं धंदा बघितला आणि एक दिवस स्वतःची चटणी काढली. पिवळा रंग, लाल अक्षरं, खलबत्ता. नावात फक्त शेवटचं अक्षर बदललेलं. दुकानदारांना सांगितलं, "बाईंनी नवीन पॅकिंग केलंय." ताईंना कळलं कधी? एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "ताई, तुमची चटणी हल्ली खवट का लागते?"

ताई माझ्यासमोर फाइल घेऊन बसल्या. त्यात शॉप ॲक्टचं लायसन्स होतं, अन्नसुरक्षेचा परवाना होता, जीएसटीचा नंबर होता. म्हणाल्या, "नाव तर माझंच रजिस्टर आहे ना? हे बघा, सगळीकडे लिहिलंय."

आणि इथेच निम्म्या लोकांची गाडी अडते, म्हणून हे आधी सांगून टाकतो. शॉप ॲक्ट, जीएसटी, उद्यम नोंदणी, कंपनीचं नाव, वेबसाइटचं नाव, यांतल्या कशानेही तुम्हाला ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. हे परवाने धंदा करायचे आहेत. नावाचा कायदा वेगळा आहे. तो म्हणजे 1999चा ट्रेड मार्क्स ॲक्ट. संसदेने तो 1999 साली केला, प्रत्यक्ष लागू झाला 15 सप्टेंबर 2003 पासून. त्याच्या आधी 1958चा कायदा होता, त्याच्याही आधी 1940चा.

ताईंनी ट्रेडमार्कची नोंदणी केलेलीच नव्हती. आणि वितरकाने? त्याने अर्ज टाकून ठेवला होता. आता तुम्ही म्हणाल, संपलं की मग. नाही, संपलं नाही. का संपलं नाही, हाच आजचा विषय आहे.

ट्रेडमार्क म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. तुमचा माल किंवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून वेगळी ओळखता येईल अशी खूण. ती नाव असेल, चित्र असेल, अक्षर, आकडा, पॅकिंग, रंगांची जुळणी, काहीही असेल. पण ती खूण वेगळेपणा दाखवणारी हवी. तुम्ही "शुद्ध तूप" हे नाव नोंदवायला गेलात तर मिळणार नाही, कारण ते नाव नाही, वर्णन आहे. सगळ्यांनाच लागणारा शब्द एकट्याच्या नावावर कसा करणार? लोकांना असंच नाव आवडतं, माल काय आहे ते लगेच कळतं म्हणून. वकिलाला मात्र अशा नावाचं रक्षण करताना घाम फुटतो.

आता संरक्षणाकडे येऊ. कायद्याने दोन दरवाजे ठेवले आहेत. पहिला दरवाजा नोंदणी केलेल्यांसाठी. त्याला इन्फ्रिंजमेंट, म्हणजे उल्लंघनाचा दावा म्हणतात. कलम 29. तुमचं चिन्ह नोंदलेलं आहे आणि दुसऱ्याने तेच, किंवा फसवं साम्य असलेलं चिन्ह, त्याच किंवा तशाच मालासाठी वापरलं, तर उल्लंघन. चिन्ह तंतोतंत तेच आणि मालही तोच असेल, तर ग्राहकाचा गोंधळ होतो हे तुम्हाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही, कोर्ट ते गृहीत धरतं. गंमत म्हणजे नुसतं तोंडी उच्चारूनही उल्लंघन होऊ शकतं, तशी कायद्यात तरतूद आहे.

दुसरा दरवाजा पासिंग ऑफचा. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं, म्हणजे पासिंग ऑफ. याला नोंदणी लागत नाही. कलम 27 एका हाताने म्हणतं की नोंदणी नसेल तर उल्लंघनाचा दावा करता येणार नाही, आणि दुसऱ्या हाताने म्हणतं की पासिंग ऑफचा हक्क मात्र शाबूत आहे. पण इथे ओझं तुमच्यावर असतं. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. बाजारात तुमच्या नावाची पत आहे, समोरच्याच्या वागण्याने लोकांची दिशाभूल होते किंवा होण्याची शक्यता आहे, आणि त्यातून तुमचं नुकसान होतं किंवा होणार आहे.

म्हणजे बघा, नोंदणी हे कुंपण आहे. जमीन मात्र वापराने तयार होते. तुम्ही रोज माल विकता, लोक तुमचं नाव घेऊन मागतात, त्यातून हक्क जन्माला येतो. सर्टिफिकेट तो हक्क सिद्ध करणं सोपं करतं.

"साम्य" आहे की नाही हे कोर्ट कसं ठरवतं? यावर आपल्याकडे फार सुंदर निकाल आहेत. पहिला तुमच्या-माझ्या बिस्किटाचा. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतघर, मुलगी, गाई, कोंबड्या असं चित्र होतं. म्हैसूरकडच्या एका उत्पादकाने ग्लुकोज बिस्किटं काढली, त्याच्याही वेष्टनावर मुलगी, गाई, कोंबड्या. खालच्या कोर्टांनी दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवली, बारकावे मोजले आणि म्हटलं, फरक आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1972 सालचा निकाल आहे. कोर्टाचं म्हणणं असं, की ग्राहक दुकानात दोन वेष्टनं शेजारी ठेवून तुलना करत नाही. आज एक बघतो, चार दिवसांनी दुसरं बघतो. त्याच्या डोक्यात राहते ती ढोबळ आठवण. त्या आठवणीला फसवण्याइतकं साम्य असेल तर पुरे. पार्ले जिंकली.

त्याच्या आधीचा, 1962चा, अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा. दोन्ही पोटदुखी-डोकेदुखीवरची औषधं. लक्ष्मणधारावाले म्हणाले, अमृताची धार वेगळी आणि लक्ष्मणाची धार वेगळी, साम्य कुठे? सुप्रीम कोर्ट म्हणालं, औषध घ्यायला आलेला साधा माणूस शब्दाचा समास सोडवत बसत नाही. पूर्ण नाव कानाला कसं लागतं ते बघा. साम्य आहे, असंच कोर्टाने म्हटलं. पण या निकालाला एक शेपूट आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

औषधांच्या बाबतीत कोर्ट आणखी कडक आहे. 2001 सालचा कॅडिलाचा निकाल. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, दोन्ही मलेरियावरची औषधं, दोन्ही नावं मलेरियाच्या जंतूच्या 'फाल्सिपेरम' या नावावरून आलेली. प्रतिवादी म्हणत होता, ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात, दवाखान्यात वापरली जातात, तिथे गोंधळ कसला? कोर्ट म्हणालं, डॉक्टर आणि केमिस्टही माणसंच आहेत, घाईत असतात. चुकीचं बिस्किट खाल्लं तर फार तर चव बिघडेल, चुकीचं औषध पोटात गेलं तर जीव जाईल. म्हणून औषधांच्या नावाला जास्त कडक फूटपट्टी लावायची.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की नाव सारखं असलं की दावा जिंकलाच. कर्नाटकात दूध महासंघाचं 'नंदिनी' दूध घराघरात जातं. तिथेच 'नंधिनी' नावाची हॉटेलं होती. महासंघाने हरकत घेतली. 2018 साली सुप्रीम कोर्टाने हॉटेलवाल्याच्या बाजूने निकाल दिला. नंदिनी हे देवीचं, गाईचं नाव, सर्वांना माहीत असलेलं. एक दूध विकतो, दुसरा जेवण वाढतो. दोघांची चित्रं वेगळी. सामान्य माणूस यात फसेल असं कोर्टाला वाटलं नाही. मला स्वतःला हा निकाल बरोबर वाटतो. नाहीतर मोठ्या संस्था देवादिकांची निम्मी नावं बाजारातून बंद करून टाकतील.

आता ताईंच्या मुख्य प्रश्नाकडे. नोंदणी दुसऱ्याची आणि वापर आपला जुना, तर कोण वरचढ?

तिरुनेलवेलीत हलव्याचं एक जुनं दुकान आहे, इरुट्टुकडै. तमिळमध्ये इरुट्टु म्हणजे काळोख, कडै म्हणजे दुकान. अंधारं दुकान! मिणमिणत्या दिव्यात हलवा विकला जायचा, लोकांनीच नाव पाडलं. दुसऱ्याने त्याच नावाच्या आधी गावाचं नाव जोडून धंदा सुरू केला आणि नोंदणीही मिळवली. त्याचा युक्तिवाद असा की माझ्याकडे सर्टिफिकेट आहे, मला कोण अडवणार? 2015 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा श्रेष्ठ आहे. कायद्यात कलम 34 हेच सांगतं. तुमचा वापर समोरच्याच्या वापराच्या आणि त्याच्या नोंदणीच्या, या दोन्हींच्या आधीचा असेल आणि अखंड असेल, तर त्याचं सर्टिफिकेट तुम्हाला थांबवू शकत नाही.

"दोन्हींच्या आधीचा" हे शब्द मात्र नीट लक्षात घ्या. कारण आपल्या पुण्यातलंच एक प्रकरण याच ठिकाणी अडकलं आहे. बर्गर किंग. अमेरिकन कंपनी 1954 पासूनची, भारतात नावाची नोंदणी 1979 सालची, पण इथे पहिलं हॉटेल उघडलं 2014 मध्ये. आणि पुण्यात त्याच नावाचं हॉटेल 1992 पासून चालू होतं. कंपनीने 2011 मध्ये दावा लावला. 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, पुण्याचं हॉटेल कंपनीच्या इथल्या दुकानांच्या कितीतरी आधीचं आहे, ग्राहक फसल्याचा पुरावा नाही, या धर्तीवर. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, डिसेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला नाव वापरायला मनाई केली. मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली.

वर्तमानपत्रात वाचताना ही छोटा विरुद्ध मोठा अशी गोष्ट वाटते. कायद्याच्या अंगाने प्रश्न अवघड आहे. 1979ची नोंदणी कागदावर आधीची आहे. पण तिच्यामागे इथल्या बाजारातली विक्री नव्हती. 1992 पासूनचा धंदा रस्त्यावर दिसत होता, पण तो नोंदणीच्या नंतरचा. शिवाय परदेशातली कीर्ती सीमा ओलांडून इथे पोचलेली असू शकते, हेही आपल्या सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये व्हर्लपूलच्या प्रकरणात मान्य केलेलं आहे. म्हणून मी पैज लावत नाही. (हशा)

बरं, दावा लावला. मिळतं काय? सगळ्यात मोलाची गोष्ट नुकसानभरपाई नाही, मनाई हुकूम. कारण दाव्याचा अंतिम निकाल यायला वर्षं जातात, तोवर नावाची माती होते. म्हणून पहिल्या दिवशीच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करायचा. कोर्ट तीन गोष्टी बघतं. सकृद्दर्शनी तुमची बाजू दिसते का, हुकूम न दिल्यास जास्त त्रास कुणाला, आणि ते नुकसान पैशाने भरून येण्यासारखं आहे का. फार निकड असेल तर समोरच्याला न ऐकताही हुकूम मिळू शकतो. मुंबई उच्च न्यायालयात कोर्ट रिसीव्हर म्हणून एक अधिकारी असतो, तो जाऊन गोदामातला नकली माल ताब्यात घेतो, मोजून सील करतो. नकली माल करणारा कोण हेच माहीत नसेल तर अनोळखी प्रतिवादीविरुद्धही हुकूम निघतो. इंग्रजीत त्याला जॉन डो ऑर्डर म्हणतात, आपल्या कोर्टांनी त्याचं बारसं 'अशोक कुमार' असं केलंय. सभागृहात कुणी अशोक कुमार असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये.

पुढे अंतिम निकालात भरपाई किंवा समोरच्याने कमावलेल्या नफ्याचा हिशेब, यांपैकी एक मागता येतं. लेबलं, साचे, पाकिटं नष्ट करायला लावता येतात.

फौजदारी बाजूही आहे. खोटा ट्रेडमार्क लावणं, तसा माल विकणं याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पोलीस वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतात, पण अधिकारी उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा हवा, आणि आधी ट्रेडमार्कच्या रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. त्यामुळे चौकीत जाऊन "आत्ताच्या आत्ता छापा टाका" म्हणून भांडण्यात अर्थ नसतो. हवालदाराला तो अधिकारच नाही.

मग नोंदणी कशाला करायची, वापराने सगळं मिळत असेल तर? एक कारण मी सांगितलं, पुराव्याचं ओझं हलकं होतं. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. समजा सोलापूरच्या मालाची नक्कल इंदूरला होते आहे. नोंदणी असेल तर कलम 134 प्रमाणे तुम्ही सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकता. नुसत्या पासिंग ऑफला ही सवलत नाही. प्रतिवादी जिथे असेल किंवा घटना जिथे घडली तिथे जावं लागतं. इंदूरच्या तारखा करणं लहान उद्योजकाला परवडत नाही, आणि नक्कल करणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. आणि खर्च किती? वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप, लघुउद्योग यांना 2017च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी साडेचार हजार, इतरांना नऊ हजार. माल आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. जर्नलमध्ये जाहिरात आल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. तोवर नावापुढे 'टीएम' लिहा, चालतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही.

आता ते अमृतधाराचं शेपूट. साम्य मान्य होऊनही लक्ष्मणधारावाल्याला उत्तर प्रदेशपुरती नोंदणी मिळाली. कारण तो 1923 पासून तिथे उघडपणे विकत होता आणि अमृतधारावाले गप्प होते. आजच्या कायद्यात कलम 33 आहे. समोरच्याचं नंतरचं चिन्ह नोंदलेलं आहे, त्याचा वापर तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सलग पाच वर्षं खपवून घेतलंत, तर पुढे थांबवता येत नाही, त्याने नोंदणी अप्रामाणिकपणे केलेली असल्याशिवाय. नुसत्या उशिराने मात्र सगळं बुडत नाही. झुरळाच्या खडूचं 'लक्ष्मण रेखा' हे नाव तुम्हाला माहीत आहे. 2004 साली सुप्रीम कोर्टाने त्या प्रकरणात सांगितलं, समोरच्याने नाव मुळातच अप्रामाणिकपणे उचललेलं असेल तर केवळ उशीर झाला म्हणून मनाई नाकारायची नाही.

ताईंचं काय झालं ते सांगतो. आम्ही पासिंग ऑफचा दावा लावला आणि वितरकाच्या अर्जाला हरकत घेतली. प्रश्न आला पुराव्याचा. पाकीट पहिल्यांदा कधी छापलं? ताईंकडे तीनच वर्षांची बिलं होती. शेवटी गावातल्या छापखान्याच्या जुन्या कार्बन-कॉपीच्या वहीत लेबलांचं बिल सापडलं, तारखेसकट. त्या एका कागदावर तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. नंतर तडजोड झाली, त्याने नाव सोडलं. पण खवट चटणीमुळे गेलेली चार गावची दुकानं ताईंना परत मिळाली नाहीत. कोर्टाच्या हुकमाने ती मिळतही नाहीत.

काही प्रश्न आले आहेत, ते घेतो.

"माझं आडनावच तसं आहे, मी माझ्या नावाने धंदा केला तर?" कलम 35 प्रामाणिकपणे वापरलेल्या स्वतःच्या नावाला संरक्षण देतं. जोर 'प्रामाणिकपणे'वर आहे. महिंद्र अँड महिंद्र विरुद्ध महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स, 2001 सालचा निकाल, कागदाचा धंदा वेगळा असूनही सुप्रीम कोर्टाने मनाई कायम ठेवली. एकच नाव दोनदा आणि मध्ये 'अँड', हे नुसतं योगायोगाने होतं असं कोर्टाला कसं पटवणार?

"मला मोठ्या कंपनीची नोटीस आली आहे, बोर्ड काढू का?" लगेच काढू नका, आणि फाडूनही टाकू नका. तुमचा वापर कधीपासूनचा, त्यांची नोंदणी कधीची, कोणत्या वर्गातली, ते आधी बघा. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम 142 खाली तुम्हीच कोर्टात जाऊ शकता. पण त्यांनी खरोखर उल्लंघनाचा दावा लावला तर ते कलम गळून पडतं, म्हणून उत्तर वकिलाकडून वाचून घ्या.

शेवटचा प्रश्न मागच्या काकांचा. "दुकान 1988चं आहे, जुनी बिलं पुरात गेली. आता पुरावा कुठून आणायचा?" काका, बँकेचे जुने उतारे बघा, पुरवठादाराची खातेवही बघा, दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो, लग्नपत्रिकेच्या मागे छापलेली जाहिरात असेल तर ती. आणि तुमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या स्मरणिका शोधा. त्यात दुकानदारांच्या जाहिराती असतात, आणि वर साल छापलेलं असतं.